दुधामुळे, की दारातल्या म्हशीमुळे?

१९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एखादी बाई बाळंत झाली की लवकरच संशोधकांचे एक पथक त्या घरी पोहोचत असे. सोबत वजनकाटा, लांबी मोजायची फळी, टेप आणि त्वचेची घडी मोजणारा कॅलिपर. बाळाचे वजन, लांबी, डोक्याचा, दंडाचा आणि पोटाचा घेर, खांद्याच्या हाडाखाली पाठीवर चिमटीत येणाऱ्या त्वचेची जाडी अशी सगळी मोजमापे वहीत उतरवली जात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या संशोधकांबरोबर हाती घेतलेला हा ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’.

या खटाटोपामागे एक प्रश्न होता. ब्रिटिश संशोधक डेव्हिड बार्कर यांनी इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर परगण्यातील जुन्या जन्मनोंदी तपासल्या आणि जन्मतः वजन कमी असलेल्या माणसांत पुढे हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण जास्त असल्याचे १९८९ साली दाखवून दिले. मग कमी वजनाची बाळे मोठ्या संख्येने जन्मणाऱ्या आपल्या देशात मधुमेह आणि हृदयविकार इतक्या लवकर का गाठतात, याचे मूळ गर्भाशयातच आहे का? आणि तसे असेल, तर आईच्या ताटात काय वाढले म्हणजे बाळाचे भले होईल?

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे खात्रीचे उत्तर मिळवायला पिढ्या खर्ची पडतात. कारण माणसांबाबत नुसते आकडे जमवून भागत नाही. ते आकडे फसवत नाहीत ना, हेही पाहावे लागते.

रोड, तरी लठ्ठ

पुण्याच्या बाळांची तुलना साउदॅम्प्टनच्या बाळांशी झाली, तेव्हा सरासरी वजने निघाली २.७ किलो आणि ३.५ किलो. हा फरक अपेक्षितच होता. गंमत पुढे होती. वजन किलोत, घेर सेंटिमीटरमध्ये आणि त्वचेची जाडी मिलिमीटरमध्ये मोजलेली. मग यातले नेमके काय जास्त कमी आहे, हे ठरवायचे कसे?

यासाठी संख्याशास्त्रात ‘प्रमाण विचलन’ नावाची मोजपट्टी वापरतात. एखाद्या गटातले आकडे सरासरीच्या आजूबाजूला साधारण किती पसरलेले असतात, हे ती सांगते. दोन वेगवेगळ्या विषयांतल्या गुणांची तुलना करायची असेल, तर नुसते गुण बघून चालत नाही. त्या पेपरात वर्गाची सरासरी किती होती आणि गुण किती पसरले होते, हे बघावे लागते. तसेच हे.

या पट्टीवर पुण्याच्या बाळांचे वजन साउदॅम्प्टनच्या सरासरीपेक्षा १.७४ प्रमाण विचलनांनी कमी होते. पोटाचा घेर त्याहून मागे, २.३८ ने कमी. म्हणजे पुण्याच्या सरासरी बाळाचे पोट जेवढे, तेवढे लहान पोट साउदॅम्प्टनच्या १०० बाळांत जेमतेम एखाद्याचे असेल. पाठीवरच्या त्वचेची घडी मात्र अवघ्या ०.५३ ने कमी भरली. तिच्या बाबतीत साउदॅम्प्टनची १०० पैकी ३० बाळे पुण्याच्या सरासरी बाळाच्या खालीच येतील. ही घडी त्वचेखालच्या चरबीचा अंदाज देते. पोटातले अवयव लहान, स्नायू कमी, पण चरबी मात्र जवळजवळ राखलेली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षातून ‘रोड, तरी लठ्ठ भारतीय बाळ’ ही कल्पना जगभर पोहोचली. वजनकाट्याने जे दिसले नसते, ते एका संख्याशास्त्रीय पट्टीने दाखवले.

दूध की सुबत्ता?

पुढचा प्रश्न आहाराचा. या खेड्यांतल्या मातांची सरासरी उंची १५२ सेंटिमीटर, शेतातले आणि घरातले कष्ट रोजचे. जवळपास ८०० गरोदर स्त्रियांच्या आहाराची नोंद बाळांच्या मोजमापांशी ताडून पाहिली, तेव्हा २००१ साली एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. आईने एकूण किती कॅलरी आणि किती प्रथिने घेतली, याचा बाळाच्या आकाराशी ठळक संबंध दिसला नाही. ज्या बायकांच्या जेवणात अठराव्या आठवड्याच्या सुमारास दूध आणि अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास पालेभाज्या व फळे अधिक वेळा होती, त्यांची बाळे मात्र मोठी होती.

लगेच मथळा सुचतो : ‘दूध-पालेभाजी खा, बाळाचे वजन वाढवा.’ पण इथेच थांबायला हवे. खेड्यात गरोदर सुनेच्या वाट्याला रोज पेलाभर दूध कोणत्या घरात येते? दारात म्हैस आहे, विहिरीला पाणी आहे, सगळे दूध डेअरीला घालण्याची वेळ नाही, अशा घरात. त्याच घरात कदाचित सुनेला दुपारी पाठ टेकायला मिळते, दवाखान्यात वेळेवर नेले जाते, लग्नही थोडे उशिरा झालेले असते. मग बाळाचे वजन दुधाने वाढले की म्हशीने? म्हणजे आहाराने की घरच्या सुबत्तेने?

दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली, असे होत नाही. मागे लपलेली तिसरीच गोष्ट दोन्हींना कारण असू शकते. त्यावर एक उपाय असा, की सारख्या परिस्थितीतल्या, सारख्या अंगकाठीच्या बायकांची आपसांत तुलना करायची. पुण्याच्या संशोधकांनी ती गणिते केली आणि तरीही दूध-पालेभाज्यांचे नाते टिकून राहिले. पण हा हिशेब जे मोजले आहे तेवढ्यापुरताच करता येतो. सासरी मिळणारा जिव्हाळा किंवा दुपारची विश्रांती कोणत्या रकान्यात लिहायची?

ही शंका केवळ पुस्तकी नाही, हे फिनलंडच्या अनुभवाने दाखवून दिले. फळे-भाज्या भरपूर खाणाऱ्या, रक्तात बीटा कॅरोटीन जास्त असलेल्या लोकांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, असे अनेक पाहण्यांत आढळले होते. म्हणून फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर प्रत्यक्ष चाचणी घेतली. काहींना बीटा कॅरोटीनच्या गोळ्या, काहींना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. १९९४ साली निकाल लागला. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होणे दूरच, तो १८ टक्क्यांनी अधिक आढळला. ज्या गोळीने जीव वाचतील असे वाटत होते, तिने घातच केला. अशी गोळी चाचणीशिवाय घरोघर वाटली गेली असती, तर काय झाले असते, याचा विचार करावा.

चिठ्ठ्या टाकून मिळणारा न्याय

फिनलंडमध्ये गोळी कोणाला द्यायची, हे डॉक्टरांनी ठरवले नव्हते आणि रुग्णांनीही नाही. ते ठरले चिठ्ठ्या टाकल्यासारखे, निव्वळ योगायोगाने. ही कल्पना रुजवली इंग्लंडचे रोनाल्ड फिशर यांनी. १९१९ पासून ते रोदॅमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात काम करत होते. कोणते खत चांगले, हे ठरवायचे तर जमिनीच्या कोणत्या तुकड्याला कोणते खत घालायचे, ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, असे त्यांचे सांगणे. मग जमिनीचा कस, ओल, ऊन हे सारे दोन्ही बाजूंना साधारण सारखे वाटले जाते; जे मोजता येते तेही, आणि जे मोजता येत नाही तेही. वैद्यकाने ही पद्धत पुढे उचलली.

पुण्यात जे दिसले होते, त्याची अशी परीक्षा मुंबईत झाली. ‘मुंबई मॅटर्नल न्यूट्रिशन प्रोजेक्ट’मध्ये झोपडपट्टीत राहणाऱ्या, मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या ६,५१३ विवाहित स्त्रिया सहभागी झाल्या. निम्म्यांना रोज हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध घालून केलेला समोशासारखा खाऊ, तर निम्म्यांना बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा तशाच धाटणीचा खाऊ. कोणाला कोणता, ते चिठ्ठीने ठरलेले. खाऊ केंद्रावर येऊन खायचा, गरोदर राहण्याच्या आधीपासून बाळंतपणापर्यंत.

निकाल २०१४ साली प्रसिद्ध झाला. सगळ्या स्त्रिया धरल्या तर पालेभाजी-दुधाच्या गटातली बाळे सरासरी २६ ग्रॅमनी जड होती. पण हा आकडा एकटा वाचायचा नसतो. त्याच्यासोबत संभाव्य उत्तरांचा एक पट्टा दिलेला असतो. इथे तो उणे १५ ते अधिक ६८ ग्रॅम असा होता. त्यात शून्यही येते, म्हणजे खरा फरक काहीच नसण्याची शक्यता उरते. म्हणून संशोधकांनी स्पष्ट लिहिले, की एकूण पाहता परिणाम दिसला नाही.

ज्यांनी गर्भधारणेच्या किमान ९० दिवस आधी खाऊ सुरू केला होता, त्यांच्यात फरक ४८ ग्रॅम आणि पट्टा १ ते ९६ ग्रॅमचा. इथे शून्य पट्ट्याबाहेर गेले, पण अगदी काठावरून. आणखी एक गोष्ट दिसली. अंगाने बऱ्या असलेल्या मातांत फायदा जास्त होता. सर्वांत कृश मातांत तो दिसलाच नाही. आधी पोटभर अन्न आणि मग त्यातला कस, असा याचा अर्थ असू शकतो. पण मूळ गटाचे तुकडे पाडून काढलेले असे निष्कर्ष म्हणजे पुढच्या अभ्यासासाठीचा सुगावा, अंतिम निवाडा नव्हे.

याच स्त्रियांमध्ये गरोदरपणातला मधुमेह तपासला, तेव्हा मात्र फरक ठळक होता. बटाटा-कांद्याच्या गटात तो १२.४ टक्के, तर पालेभाजी-दुधाच्या गटात ७.३ टक्के. वजनकाट्यावर जे लाभ फारसे दिसले नाहीत, ते आईच्या रक्तातल्या साखरेत दिसले. काय मोजायचे हे ठरवणे किती महत्त्वाचे असते, ते यावरून कळते.

निसर्गाने टाकलेली चिठ्ठी

प्रत्येक प्रश्नासाठी अशी चाचणी करता येत नाही. पुण्याच्या त्या खेड्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. फॉलिक ॲसिड मात्र जवळजवळ सगळ्यांत पुरेसे. या मातांची मुले सहा वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा ज्यांच्या आईत ब-१२ सर्वांत कमी आणि फॉलेट सर्वांत जास्त होते, त्या मुलांच्या शरीरावर इन्सुलिनचा परिणाम सर्वांत कमी होत असल्याचे आढळले. मधुमेहाकडे जाणारी ही पायवाट. हे २००८ साली प्रसिद्ध झाले. पण पुन्हा तीच शंका. ब-१२ दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळते. ज्या घरी ते कमी, तिथे इतरही बरेच काही कमी असते. आणि मुद्दाम काही मातांना ब-१२ च्या कमतरतेत ठेवून पाहणे तर कोणत्याही डॉक्टरला शक्य नाही.

अशा वेळी आनुवंशशास्त्र मदतीला येते. मूल जन्माला येताना आईच्या जनुकांच्या जोडीतले एक आणि वडिलांच्या जोडीतले एक त्याच्या वाट्याला येते. कोणते येणार, हे निव्वळ योगायोगावर ठरते. मेंडेलने वाटाण्याच्या रोपांवरून हा नियम १८६६ साली मांडला. म्हणजे निसर्ग प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी चिठ्ठी टाकतच असतो. या चिठ्ठीला घरातली म्हैस दिसत नाही, सासूचा स्वभाव कळत नाही. तिचा उपयोग करणाऱ्या पद्धतीला म्हणूनच मेंडेलचे नाव मिळाले : ‘मेंडेलियन रँडमायझेशन’.

ब-१२ आणि फॉलेट दोन्ही मिळून शरीरातल्या होमोसिस्टीन नावाच्या पदार्थाचा निचरा करतात. ती कमी पडली की होमोसिस्टीन वाढते. या कामातले एक विकर एमटीएचएफआर नावाच्या जनुकावरून तयार होते. या जनुकात एके ठिकाणी एका अक्षराचा फरक असेल, तर विकर मंद चालते आणि जेवण तेच असूनही होमोसिस्टीन थोडे जास्त राहते. आता तर्क सोपा होतो. आईच्या वाढलेल्या होमोसिस्टीनमुळे खरोखरच बाळाचे वजन घटत असेल, तर हा फरक असलेल्या मातांची बाळेही सरासरीने हलकी निघायला हवीत. पुणे आणि म्हैसूर येथील मातांच्या अभ्यासात तसेच निघाले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने होमोसिस्टीन हे निव्वळ गरिबीचे लक्षण नसून बाळाच्या वाढीवर परिणाम करणारे कारण असावे, या तर्काला बळ मिळाले.

या पद्धतीतही खाचखळगे आहेत. एकच जनुक शरीरात दोन-चार कामे करत असेल, तर परिणाम नेमका कोणत्या कामाचा, ते कळत नाही. आईचे निम्मे जनुक बाळातही उतरते, तेव्हा परिणाम आईच्या रक्ताचा की बाळाच्या स्वतःच्या जनुकाचा, हेही वेगळे काढावे लागते. आपल्याकडे आणखी एक अडचण. पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्ने होत आल्याने समाजासमाजांत जनुकांचे प्रमाण वेगळे असते, आणि त्याच समाजांचे खाणेपिणे आणि सांपत्तिक स्थितीही वेगळी असते. हे ध्यानात न घेता आकडे एकत्र केले, तर जातीचा फरक जनुकाच्या खात्यावर जमा होतो. म्हणून युरोपातल्या लोकांवर बेतलेले जनुकांचे निष्कर्ष जसेच्या तसे इथे लावू नयेत. इथल्या माणसांचा अभ्यास इथेच व्हावा लागतो.

बातमी वाचताना

या सगळ्यातून सामान्य वाचकाने काय घ्यावे? अमुक खाल्ल्याने तमुक आजार टळतो, अशी बातमी समोर आली की तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, हे नुसते पाहणीत दिसले की चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचणीत? पाहणी असेल, तर त्यामागची ‘म्हैस’ शोधावी. दुसरी, फरक किती आणि तो किती खात्रीचा? ‘वजन वाढले’ या दोन शब्दांआड २६ ग्रॅमही असू शकतात आणि अडीचशेही. तिसरी, हे कोणत्या माणसांत दिसले? साउदॅम्प्टनच्या बाळाचे माप पुण्याच्या बाळाला लावून कसे चालणार नाही, ते वर आलेच आहे.

अर्धवट वाचून औषध बंद करण्याची चूक मात्र करू नये. फॉलेट आणि ब-१२ बद्दलचा निष्कर्ष वाचून गरोदर स्त्रीने फॉलिक ॲसिडची गोळी सोडणे धोक्याचे आहे. आधीचे बाळ मेंदू किंवा मज्जारज्जूच्या जन्मजात व्यंगाचे असलेल्या मातांमध्ये फॉलिक ॲसिडने ते पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो, हे १९९१ साली चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचणीत सिद्ध झाले आहे. सरकारी दवाखान्यात मिळणारी लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी घ्यायचीच आहे. प्रश्न आहे तो सोबतच्या ब-१२ चा. त्याची गरज दिवसाला जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, पण भाज्या आणि कडधान्यांतून ते मिळत नाही. शाकाहारी घरातल्या मुलींनी आणि स्त्रियांनी दूध-दह्याकडे लक्ष द्यावे. सतत थकवा, हातापायांना मुंग्या, जिभेची आग अशा तक्रारी असतील, तर मनाने इंजेक्शने न घेता डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

पुण्याच्या खेड्यांतली गोष्ट अजून संपलेली नाही. १९९० च्या दशकात टेपने मोजली गेलेली ती बाळे मोठी झाली. २०१२ मध्ये त्यांच्यापैकी ५५७ तरुण-तरुणी एका चाचणीत सहभागी झाले. चिठ्ठ्या टाकून काहींना रोज दोन मायक्रोग्रॅम ब-१२, काहींना त्यासोबत इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये आणि काहींना नुसती दिसायला तशी गोळी. लग्ने झाली, मुले झाली. ही मुले दोन वर्षांची झाल्यावर त्यांची आकलनशक्ती आणि भाषा तपासली, तेव्हा नुसते ब-१२ घेतलेल्या मातांची मुले दिखाऊ गोळीच्या गटापेक्षा पुढे असल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. मुलांची संख्या मोठी नव्हती, त्यामुळे हाही शेवटचा शब्द नाही.

आजीच्या ताटापासून सुरू झालेला प्रश्न नातवापर्यंत पोहोचला आहे. आता ही नातवंडे वाढतील, त्यांचीही उंची, वजन आणि रक्त तपासले जाईल, आणि मग आईला गर्भधारणेआधी काय द्यावे, हे थोड्या अधिक खात्रीने सांगता येईल. तोवर दूध, दही, पालेभाजी आणि पोटभर जेवण मुलीच्या ताटात लग्नाआधीपासूनच वाढायला कोणत्याही निकालाची वाट पाहावी लागत नाही.